पाया पडतो, पण पाय पाहत नाही

(उतारवयातील आरोग्यावरील व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी श्रोत्यांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे दिली आहेत.)



आजचा विषय उतारवयातली पायदुखी आणि थकलेपण. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या बाईने पायांवर काय बोलावं, असा प्रश्न काही जणांना पडला असेल. आधीच सांगते, माझ्या नावामागचं ‘डॉक्टर’ औषध लिहून द्यायच्या कामाचं नाही. पण विषय मला परका मुळीच नाही. न्यायदर्शनाचे कर्ते गौतम, त्यांचं दुसरं नाव अक्षपाद. म्हणजे ज्याच्या पायांना डोळे आहेत असा. परंपरेत कथा अशी सांगतात की विचारांच्या नादात चालता चालता गौतम विहिरीत पडले, तेव्हा देवाने त्यांना पायांतच डोळे दिले. सत्तरीपुढच्या माणसांनी ही कथा लक्षात ठेवावी. पायाला दिसेनासं झालं की माणूस पडतो.

सांख्यांनी पाय कर्मेंद्रियांत धरला. वाणी, हात, पाय वगैरे पाच कर्मेंद्रियं आणि डोळा, कान वगैरे पाच ज्ञानेंद्रियं, ही यादी आपण शाळेपासून ऐकतो. ज्ञानेंद्रियांमध्ये त्वचा आहे, पण तळपायाच्या त्वचेचा वेगळा विचार आपण करत नाही. जमीन ओली आहे की कोरडी, उंचवटा आहे की खड्डा, आपला तोल पुढे जातोय की मागे, हे डोळ्यांच्या आधी तळपाय सांगतो. अंधारात न्हाणीघरात जाताना आपण पायानेच बघत असतो. म्हणजे पाय काम करतो आणि कळवतोही. म्हातारपणी ही दोन्ही कामं एकदमच कमी होऊ लागतात, आणि आपण त्या सगळ्याला एकच नाव देतो: ‘वय झालं.’

आज मला या दोन शब्दांवर बोलायचं आहे.

कोणाचे पाय?

पिंपरी-चिंचवडमध्ये आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेली पिढी कोण आहे, ते आधी बघू. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली, त्यांच्या मागोमाग भोसरीची शेकडो लहान वर्कशॉप्स आली. सातारा, सांगली, सोलापूर, मराठवाडा, खानदेश, कोकण, सगळीकडून पोरं आली. १९७० साली विशीत असलेला मुलगा आज पंचाहत्तरीत आहे. त्याने तीस-पस्तीस वर्षं काय केलं? उभा राहिला. कोब्यावर, पोलादी टोपीच्या सेफ्टी शूजमध्ये, तीन शिफ्टमध्ये, वर ओव्हरटाइम. त्याचा हात कुशल होता म्हणून त्याला पगार मिळाला. पायाच्या कामाचा हिशेब कुठल्याच पगारपत्रकात नव्हता.

आणि त्याची बायको? ती घरी होती, असं आपण म्हणतो. घरी म्हणजे कुठे? ओट्याशी. तीसुद्धा उभीच होती. पहाटे पहिल्या शिफ्टचा डबा, दुपारी मुलांचा, रात्री दुसऱ्या शिफ्टवरून येणाऱ्याचं ताट. आधी शहाबादी फरशी, मग गुळगुळीत टाइल्स, आणि त्यावर अनवाणी पाय. कित्येकींनी याशिवाय चार घरची धुणीभांडी केली, म्हणजे पाय दिवसभर पाण्यात. पुरुषाच्या पायाला निदान सुट्टी होती, निवृत्तीचा दिवस होता. ओट्यावरून कोणी निवृत्त होत नाही.

वेगवेगळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या तेव्हा असं दिसलं की मध्यमवयीन आणि वृद्ध माणसांपैकी साधारण चारांतल्या एकाचे पाय वारंवार दुखतात, आणि बायकांमध्ये हे प्रमाण जास्त आहे. बायका पुरुषांपेक्षा जास्त जगतात आणि जास्त थकलेल्या अवस्थेत जगतात, हेही अनेक देशांत दिसतं.

‘थकली आता’ म्हणजे काय

आपण सहज म्हणतो, ‘आई आता फार थकली.’ दिवसभराच्या कामाने आलेला थकवा झोपेने जातो. हे थकणं वेगळं. इंग्रजीत याला फ्रेल्टी म्हणतात. मराठीत क्षीणता, जर्जरता असे शब्द सुचवतात. मला आपलं ‘थकलेपण’च बरं वाटतं, कारण घराघरात तोच शब्द आहे.

हे थकलेपण मोजता येतं. २००१ साली अमेरिकेत लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पासष्टीपुढच्या पाच हजारांवर माणसांचा अभ्यास करून पाच खुणा ठरवल्या. एक, प्रयत्न न करता वजन उतरणं, वर्षभरात साधारण साडेचार किलो. दोन, सतत दमल्यासारखं वाटणं. तीन, हाताची पकड सैल होणं. चार, चाल मंदावणं. पाच, हिंडणं-फिरणं कमी होणं. यांतल्या तीन किंवा अधिक खुणा असल्या तर माणूस थकलेला. एक-दोन असल्या तर त्या वाटेवर. एकही नसली तर ठणठणीत, मग वय ऐंशी का असेना.

हे कशाला मोजायचं? कारण थकलेल्या माणसाला छोटा धक्काही मोठा पडतो. तरुण माणसाला चार दिवसांचा ताप येतो आणि जातो. थकलेल्या माणसाला तोच ताप अंथरुणाला खिळवतो. त्याच्या शरीराकडे शिल्लक अशी काही नसते, महिनाअखेरीच्या खिशासारखी.

पाचांपैकी चालीची परीक्षा तुम्ही घरीच घेऊ शकता. मोकळ्या जागेत चार मीटर अंतर आखा. नेहमीच्या चालीने चाला आणि घड्याळ बघा. पाच सेकंदांपेक्षा जास्त लागले तर वेग सेकंदाला ०.८ मीटरपेक्षा कमी झाला. डॉक्टरांच्या कानावर घालावं असा तो आकडा आहे. आता हा आकडा रस्त्यावर न्या. रस्त्यांच्या आखणीत पादचाऱ्याचा वेग सर्वसाधारणपणे सेकंदाला १.२ मीटर धरतात. चोवीस मीटर रुंद रस्ता या वेगाने वीस सेकंदांत पार होतो, ०.८ च्या वेगाने तीस सेकंद लागतात. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर वरचे ते दहा सेकंद म्हणजे काय, हे चिंचवडच्या माणसाला सांगायला नको. मग माणूस रस्ता ओलांडणंच सोडून देतो. पलीकडची भाजी सुटते, पलीकडचा कट्टा सुटतो.

आपल्या देशातही अशी मोजमापं झाली आहेत. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या ‘लासी’ या पाहणीत ४५ वर्षांवरच्या ७२ हजारांहून अधिक लोकांना भेटून माहिती घेतली. त्यात हाताची पकड आणि चालीचा वेगही मोजला. म्हणजे हे काही मोठ्या यंत्राचं काम नाही.

पायापासून सुरू होणारी साखळी

आता पाय आणि थकलेपण यांचा संबंध. टाच दुखते म्हणून माणूस सकाळचं फिरणं सोडतो. फिरणं सुटलं की पोटऱ्या आणि मांड्या उतरतात. म्हातारपणी स्नायू किती लवकर जातात? २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात निरोगी वृद्धांना दहा दिवस पलंगावर ठेवलं. दहाच दिवसांत त्यांच्या पायांतला जवळपास एक किलो स्नायूंचा ऐवज गेला. निरोगी माणसं होती ती! स्नायू गेले की चाल मंदावते. चालणं नाही म्हणून भूक नाही, भूक नाही म्हणून जेवण अर्धी भाकरी आणि वाटीभर आमटी, म्हणून वजन उतरतं. वजन उतरलं की दमायला होतं. फ्रीडबाईंच्या पाचही खुणा एका टाचेच्या मागून घरात येतात.

उलटंही घडतं. थकलेल्या माणसाच्या तळपायाखालची चरबीची गादी पातळ होते, पायाचे छोटे स्नायू सैल पडतात, आणि पाय दुखायला लागतात. मग आधी काय? पायदुखी की थकलेपण? आपल्याकडे याला बीजांकुर न्याय म्हणतात. बी आधी की अंकुर आधी, याचा निकाल लागत नाही. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून हृदयविकाराचा प्रसिद्ध अभ्यास चालू आहे. पुढे त्यातल्या लोकांचे पायही तपासले गेले. तीव्र पायदुखी असलेल्यांमध्ये वारंवार पडण्याचं प्रमाण अधिक आढळलं, आणि पायदुखी नि थकलेपण सोबत दिसतात हेही आढळलं. सोबत दिसणं म्हणजे कारण असणं नव्हे, हे मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले, इथेही सांगते. पण वर्तुळ असेल तर त्याचा एक फायदा आहे. ते कुठेही तोडता येतं. वय कमी करता येत नाही. चप्पल बदलता येते.

‘वय झालं’ हा हेत्वाभास

आता माझ्या प्रांतात येते. ‘पाय दुखतो, कारण वय झालं’ हे एक अनुमान आहे. नैयायिक विचारतील, व्याप्ती दाखवा. जिथे जिथे धूर तिथे तिथे अग्नी, तसं जिथे जिथे वय तिथे तिथे पायदुखी, असं आहे का? नाही. दरवर्षी तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला येते, तेव्हा जाऊन बघा. पंढरपूरपर्यंत चालणाऱ्यांत सत्तरीचे, ऐंशीचे किती असतात! आणि जिथे वय नाही तिथे पायदुखी नाही, असं तरी आहे का? चाकणला कुठल्याही कारखान्याच्या गेटवर शिफ्ट सुटताना उभे राहा. दहा-बारा तास लाइनवर उभी राहिलेली पंचविशीतली कंत्राटी पोरं टाच उचलून चालताना दिसतील. म्हणजे वय आहे तिथे पायदुखी नाही, आणि पायदुखी आहे तिथे वय नाही. असा दोन्हीकडे भटकणारा हेतू म्हणजे सव्यभिचार हेत्वाभास.

तुम्हाला तो जुना विनोद माहीत असेल. डॉक्टर म्हणतात, ‘आजोबा, डावा पाय वयामुळे दुखतोय.’ आजोबा म्हणतात, ‘अहो, उजवाही त्याच वयाचा आहे!’ आजोबांनी न्यायशास्त्र वाचलेलं नव्हतं, पण अनुमान अचूक मोडलं.

वयाचा काहीच संबंध नाही, असं माझं म्हणणं नाही. वय हे सहकारी कारण आहे. पण ‘वय झालं’ म्हटलं की पुढचा प्रश्न विचारणं थांबतं, आणि नुकसान तिथे होतं. एका पायात २६ हाडं, दोन्ही मिळून ५२, म्हणजे शरीरातल्या एकूण हाडांपैकी चौथा हिस्सा. इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टीला दुखायला शंभर कारणं आहेत, आणि त्यांतली बरीचशी उपचाराने कमी होणारी आहेत.

थोडक्यात सांगते. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाकताना टाचेत कळ येते आणि मग कमी होते, ते बहुधा तळपायाच्या पट्ट्यावर ताण आल्यामुळे. बोटावर किंवा तळव्यावर एकाच ठिकाणी खडा टोचल्यासारखं होतं ती भोवरी, म्हणजे कुरूप. तिथे चप्पल किंवा हाड घासतंय असा त्याचा अर्थ. अंगठा रात्रीत लाल होऊन सुजला, पांघरुणाचाही स्पर्श सहन होईना, तर युरिक ॲसिड तपासा. ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की बरं वाटतं, तर पायाचा रक्तपुरवठा तपासायला हवा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांमध्ये हे अधिक. बायकांना मी वेगळं विचारते, मशेरी लावता का? मशेरीला आपण दात घासणं म्हणतो, म्हणून डॉक्टरांनी ‘तंबाखू घेता का’ विचारलं की उत्तर येतं ‘नाही.’

न दुखणारा पाय

आतापर्यंत दुखणाऱ्या पायाबद्दल बोललो. त्याहून धोक्याचा पाय म्हणजे दुखायला हवा तिथे न दुखणारा.

देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञाने १६४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या चिंतनांपैकी सहाव्यात उदाहरण घेतलंय ते पायाच्या वेदनेचंच. पायापासून मेंदूपर्यंत मज्जातंतू दोरीसारखा गेलाय. तो हलला की मनाला ‘पायात दुखतंय’ असं कळतं, आणि त्यामुळे मन पायाला वाचवायला धावतं. वेदना ही बातमी आहे, असं त्याचं म्हणणं. आता ही दोरीच तुटली तर?

याचं उत्तर आपल्या देशात मिळालं. पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक तमिळनाडूत वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करत होते. लोकांना वाटे की कुष्ठरोगाने बोटं झडतात. ब्रँड यांनी दाखवलं की मुख्य कारण बधिरता आहे. चटका कळत नाही, खिळा कळत नाही, जखमेवरच माणूस चालत राहतो आणि पाय जातो. म्हणून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मऊ रबराच्या तळाच्या चपला करवून घेतल्या. एमसीआर चप्पल म्हणून आज मधुमेहींना ज्या देतात, त्या त्याच वाटेने आल्या.

आज आपल्याकडे बधिर पायाचं मोठं कारण मधुमेह आहे. सुरुवात मुंग्यांनी होते, कधी रात्री तळवे जळतात, मग कापसावर चालल्यासारखं वाटतं, मग काहीच वाटत नाही. आणि घरचे म्हणतात, ‘बरं झालं, आता पायाची तक्रार नाही.’ तक्रार थांबली हीच खरी तक्रार. डॉक्टर नायलॉनच्या बारीक तंतूने तळपायाला स्पर्श करून ही बधिरता तपासतात. दोन मिनिटांची तपासणी आहे, दुखत नाही. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा तरी मागून घ्या.

दुसरं कारण बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनातून पुणे परिसरातल्या साध्या, धडधाकट दिसणाऱ्या माणसांतही ही कमतरता मोठ्या प्रमाणात दिसली. शाकाहारी लोकांत ती अधिक. मधुमेहाची मेटफॉर्मिन नावाची गोळी वर्षानुवर्षं घेणाऱ्यांतही बी-१२ कमी होऊ शकतं. गोळी बंद करू नका, पण रक्त तपासून घ्या. यात वयाचा दोष किती आणि ताटाचा किती, ते ठरवता येतं.

मग करायचं काय

मेलबर्नमध्ये एक चाचणी झाली, २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. पाय दुखतात म्हणून रोजचं काम अडतं अशा पासष्टीपुढच्या ३०५ जणांचे दोन गट केले. एका गटाला पायाचे नेहमीचे उपचार. दुसऱ्या गटाला त्याबरोबर बूट-चपलांचा सल्ला आणि नवे घ्यायला काही पैसे, बुटात घालायचे तयार तळवे, घोटा आणि पावलाचे घरच्या घरी करायचे व्यायाम, आणि पडू नये म्हणून माहितीपुस्तिका. वर्षभरात दुसऱ्या गटात पडण्याचं प्रमाण ३६ टक्क्यांनी कमी निघालं. शस्त्रक्रिया नाही, महागडं औषध नाही. चप्पल, तळवा आणि व्यायाम! खुब्याचं हाड मोडल्यावर काय खर्च होतो आणि घराचं काय होतं, हे तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलंय. त्याशेजारी हा खर्च मांडून बघा.

चप्पल संध्याकाळी घ्या, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. दोन्ही पाय मापा. एक मोठा असतो, त्याच्या मापाने घ्या. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. मागे पट्टा हवा. आपली हवाई चप्पल निसटू नये म्हणून बोटं सतत आकसून धरावी लागतात आणि पाय घासत चालायची सवय लागते. झिजलेला तळ म्हणजे पावसाळ्यात आमंत्रणच. मला ठाऊक आहे, ईपीएस-९५ चं किमान निवृत्तिवेतन २०१४ पासून महिना हजार रुपये आहे आणि चांगली सँडल त्याहून महाग असू शकते. म्हणून मुलांना सांगते, वाढदिवसाला शाल आणू नका. शाली कपाटात पुरेशा आहेत.

व्यायाम साधे. ओट्याला धरून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली टेकवायच्या, दहा वेळा. खुर्चीत बसून जमिनीवरचा पंचा पायाच्या बोटांनी ओढायचा. हात न टेकता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. पाच वेळांना पंधरा सेकंदांहून जास्त लागत असतील तर पायात जोर कमी आहे, असं समजा. आधार हाताशी ठेवून एका पावलापुढे दुसरं पाऊल ठेवून उभं राहायचं. आठवड्यातून तीन दिवस जमलं तरी चालेल, पण महिनोन् महिने. आणि जेवणात डाळ, उसळ, दही-ताक, चालत असेल तर अंडं. अर्ध्या भाकरीवर स्नायू होत नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती घ्यायची ते मात्र डॉक्टरांना विचारा.

बधिर पायाला चार गोष्टी वर्ज्य. गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत. बुडवायचेच तर पाणी आधी दुसऱ्याने पाहायचं. भोवरी ब्लेडने कापायची नाही. दुपारी देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी जायचं नाही; जाड मोजे घातल्याने देव रागावत नाही. आणि चपलेत हात फिरवून खडा नाही ना हे बघितल्याशिवाय पाय घालायचा नाही. जखम, काळं पडलेलं बोट, एकच पाय अचानक सुजणं, पाय गार पडणं, यांतलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना. महापालिकेचा असो, खासगी असो, पण त्याच दिवशी.

आणि शेवटची गोष्ट, जी सगळ्यात स्वस्त आहे. आपल्याकडे दसऱ्याला, दिवाळीला, परीक्षेला जाताना मोठ्यांच्या पाया पडायची पद्धत आहे. वारीत तर लोक अनोळखी वारकऱ्यांचे पाय चेपून देतात, तेल लावतात. एवढा पायांचा मान ठेवणाऱ्या समाजात म्हाताऱ्या माणसाच्या पायावरची जखम घरात कोणालाच माहीत नसते, कारण आपण पायाला हात लावतो आणि नजर वर आशीर्वादाकडे असते. पुढच्या वेळी वाकाल तेव्हा क्षणभर खाली बघा. बोटांच्या बेचक्यांत बघा. भेगा, सूज, नखं बघा. विचारा, ‘चालताना दुखतं का?’ उत्तर ‘नाही’ आलं तरी अजून एकदा विचारा.

प्रश्नोत्तरे

*एक्स-रेमध्ये टाचेचं हाड वाढलंय असं आलं. ते काढावं लागेल का?*

टाचेचं असं वाढलेलं हाड काहीही दुखत नसलेल्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेमध्येही दिसतं. म्हणजे पुन्हा व्याप्तीचाच प्रश्न. दुखणं बहुतेक वेळा तळपायाच्या पट्ट्याचं असतं, आणि ताण देण्याचे व्यायाम, योग्य चप्पल, थोडा धीर यांनी बहुतेकांचं काही महिन्यांत कमी होतं. अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा, पण एक्स-रे बघून घाबरू नका.

*माझं वय एकाहत्तर आहे. पाय दुखतात. यंदा वारीला जावं का?*

तुमची चाल, साखर आणि पायाची संवेदना तपासून डॉक्टर सांगतील. पण मी एक सुचवते. जायचं ठरवून आत्तापासून तयारी करा. तीन महिन्यांत रोज थोडं थोडं वाढवत चाला. जमलं नाही तर देहू ते आकुर्डी एवढाच टप्पा करा. तुम्ही ‘आता आपल्याच्याने होणार नाही’ म्हणून घरात बसलात, तर नुकसान वारीपुरतं राहणार नाही.

*(एक श्रोत्या) पायाला जखम आहे, पण सुनेला पाय दाखवायला संकोच वाटतो. मुलाला तर नाहीच. काय करू?*

तुम्ही हे इथे सगळ्यांसमोर विचारलंत, म्हणजे अवघड काम झालंच. संकोच का वाटतो तेही मला कळतं. आयुष्यभर दुसऱ्यांचं केलं, आता आपलं कोणी करावं, तेही पायाचं, हे जिभेवर येत नाही. पण बाई, तुम्हाला मधुमेह आहे का? आहे. मग सून, मुलगा हा प्रश्न नंतर. कार्यक्रम संपला की माझ्यासोबत बसा. जवळच्या दवाखान्याची वेळ बघू आणि आजच जाऊ. सुनेला फोन मी करते.

चहा मागे ठेवला आहे. पायऱ्या उतरताना कठडा धरा.